बांधावरची हाक

बाबा,

मी राहते ते गाव माणसांनी हातांनी उभं केलेलं आहे. गावाखालची जमीनसुद्धा. हे मला कळलं तेव्हा पहिलं मनात आलं की तुम्हाला सांगायला हवं, आणि मग नेहमीसारखं लक्षात आलं की तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं होत आली. तरी आज सांगते. नवरा कामाला गेलाय, घरात कोणी नाही, खिडकीतून पवनचक्कीची पाती स्वच्छ दिसताहेत, आणि मे महिन्यात जे झालं ते कोणाला तरी पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माझ्या अंगातून जाणार नाही.

हॉलंडच्या अगदी उत्तरेला, ग्रोनिंगन शहराच्याही पलीकडे, समुद्राला लागून आमचं गाव आहे. शहरात आम्हाला परवडेल असं घर मिळालं नाही म्हणून इथे आलो. पूर्वी समुद्राला अडवणारा बांध नव्हता, तेव्हा भरतीचं पाणी पार इथवर पसरायचं. म्हणून इथल्या लोकांनी शेण, चिखल, राख, कुजकं गवत टाकत टाकत शेकडो वर्षं एक टेकाड वाढवलं आणि त्याच्यावर राहिले. टेकाडाच्या माथ्यावर लाल विटांचं बुटकं चर्च, त्याच्याशेजारी जाड भिंतींचा मनोरा, भोवती गोल रस्ता आणि रस्त्याला चिकटून घरं. उताराला एक गोल तळं आहे. चहूकडे खारं पाणी असताना गुरांना गोडं पाणी मिळावं म्हणून ते खणलेलं. गावाच्या मागच्या बाजूला मात्र टेकाड सुरीनं कापावं तसं उभं तुटलेलं आहे. ती माती इतकी कसदार होती, की शंभर वर्षांपूर्वी लोकांनी ती कापून, होड्यांत भरून लांबच्या शेतकऱ्यांना विकली. आमची शेजारीण म्हणते, "आजोबांनी गाव विकलं, आता आम्ही उरलेल्याचे फोटो काढतो."

ही शेजारीण पंच्याहत्तरीची आहे. नवरा गेला, शेती मुलगा बघतो, आणि चर्चची किल्ली तिच्याकडे असते. गावात कोणी पाहुणा आला की तिच्या दाराची कडी वाजवतो, ती स्वेटर चढवते आणि दार उघडून द्यायला जाते. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात तिनं मला हाताला धरून सगळं दाखवलं. चर्चच्या भिंतीतली एक बुजवलेली खिडकी. ती इतकी खाली आहे की बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला आत बघता यावं. फरशीतले दगड, ज्यांच्यावरची नावं पायांनी झिजून गेलीत. मनोऱ्यातली घंटा, जी युद्धात जर्मनांनी काढून नेली होती आणि नंतर कुठल्याशा बंदरात धडधाकट सापडली. "वितळवायला वेळ मिळाला नाही त्यांना," ती म्हणाली. "आमचं नशीब. धुक्यात कोणी बाहेर राहिलं की हीच वाजवायचे." माझी डच तेव्हा इतकी कच्ची होती की निम्मं मी खुणांवरून समजून घेतलं. पण तळ्यापासून चर्चपर्यंत चढताना मला सारखे तुम्ही आठवत होता.

तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचा तो पुस्तकातून थोडा आणि सायकलवरून जास्त. रविवारी सकाळी आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढून पोहे करायचा, आणि पोहे भिजेपर्यंत ओट्यावर सांडलेल्या पाण्यात बोट फिरवून मला नकाशा काढून दाखवायचा. ही नदी, ही वेस, इथे बारव, इथून आपण जायचं. पोहे होईपर्यंत नकाशा वाळून गेलेला असायचा, आणि तुम्ही म्हणायचा, आता पाठ झाला असेल, चल. मी पुढच्या दांड्यावर बसते आहे, नंतर कॅरियरवर, नंतर माझ्या स्वतःच्या सायकलवर तुमच्या मागे. आठवीत असेन. एका चार घरांच्या वाडीत उन्हात उभी राहून मी कुरकुरले, इथे बघण्यासारखं काही नाही. तुम्ही सायकल स्टँडवर लावलीत आणि कधी नव्हे ते चिडलात. "बघण्यासारखं काही नाही म्हणजे तू कोणाला काही विचारलं नाहीस." मग मला एका म्हातारीच्या अंगणात बसवलंत आणि स्वतः लांब जाऊन झाडाखाली बसलात. मी विचारत बसले. संध्याकाळी निघताना मला त्या वाडीतली विहीर कोणी खणली, जुनी वस्ती ओढ्याच्या कोणत्या काठाला होती आणि ती का उठली, सगळं माहीत होतं.

दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुलींना घड्याळं मिळाली. तुम्ही मला एसटीनं एका गावाला नेऊन वीरगळ दाखवलात. देवळामागे गवतात आडवा पडलेला, त्यावर बायका धुणं बडवत होत्या. तुम्ही त्यांना विनंती करून दोन बादल्या पाणी ओतलंत, दगड धुतलात, आणि खालच्या चौकटीत लढणारा माणूस, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर चंद्र-सूर्य असं एक एक दाखवलंत. तेव्हा मला घड्याळच हवं होतं. आता विचाराल तर त्या वर्षी कोणाला काय मिळालं यातलं फक्त माझंच मला आठवतं.

मग तुम्ही शाळेतच कोसळलात. मी पुण्याला हॉस्टेलवर होते. निरोप आला, बस पकडली, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तुम्ही डोळे मिटून पडला होता. नर्सबाई म्हणाल्या, ऐकू येत असेल, हाक मारत राहा. मी तुमच्या कानाशी बसून बाबा, बाबा म्हणत राहिले. आई बाहेर बाकावर होती. तुम्ही ओ दिली नाहीत. मी हाका मारत राहिले आणि शेवटी डॉक्टरांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडून कोणासाठीच निघेना. हे मी काही ठरवून केलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा अडचण उभी राहिली, कारण नवरा त्याच्या वडिलांना बाबाच म्हणतो. सासूबाईंना आई म्हणणं मला जमलं, सहज जमलं. सासऱ्यांना मात्र मी काहीच म्हणत नसे. "चहा ठेवलाय." "जेवायला वाढलंय." "फोन आहे, डेपोतून." अशी सगळी वाक्यं डोकं कापलेली. नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. तो म्हणाला, काका म्हण, काहीही म्हण. पण काका म्हणावं इतकेही ते परके नव्हते. घरात मूल असतं तर आजोबा म्हणून निभावून गेलं असतं. तेही नाही. आणि सासरे स्वतः अबोल. जन्मभर एसटीत, डेपोत गाड्या सोडण्याचं काम केलेला माणूस. बोलायचं ते भोंग्यावर बोलून संपलं, असं सासूबाई म्हणायच्या.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. या वर्षी, दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये, नवऱ्यानं त्यांना तीन महिन्यांसाठी इथे बोलावून घेतलं. आले, आणि खिडकीशी बसून राहिले. बस तासाला एक येते ती वेळेवर येते का हे बघायचे. यायची. त्याचंही त्यांना कौतुक वाटायचं की वाईट, कळायचं नाही. एक दिवस म्हणाले, "इथे माणसं राहतात की नुसती घरं?" नवरा त्या आठवड्यापासून कामानिमित्त मास्ट्रिख्टला, म्हणजे देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, शुक्रवारी येणार नि सोमवारी जाणार. म्हणजे घरात मी आणि ते, आणि आमच्या दोघांमध्ये माझी ती बिनडोक्याची वाक्यं.

एका संध्याकाळी मी कंटाळून म्हणाले, "चला, गाव दाखवते." तुमच्याकडून शिकलेय तसंच केलं. आधी पाणी, मग सगळ्यात उंच जागा, मग तिथून रस्ते कुठे जातात ते. तळ्याशी त्यांनी वाकून पाणी बघितलं. टेकाड कापलंय तिथे आले, आणि त्या उभ्या भिंतीला हात लावून म्हणाले, "म्हणजे हे सगळं भरलेलं? हातानं?" मी म्हटलं, हो, शेण नि चिखल. त्यांनी मातीचा एक खडा सुटा केला, बोटांत चुरडला, हुंगला. "शेणाचा वास काही येत नाही आता," म्हणाले, आणि मला वाटतं, सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. शेजारणीनं चर्च उघडलं. तिनं डचमध्ये सांगावं, मी मराठीत सांगावं, त्यांनी प्रश्न विचारावा, तो मी परत डचमध्ये करावा, असं चाललं. मग त्यांना बांधावर नेलं. दोन-एक किलोमीटरवर तो हिरवा बांध, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या, पलीकडे खारं कुरण, आणि कुरणापलीकडे ओहोटीला उघडा पडणारा मैलोन्‌मैल चिखल. समुद्र दिसतच नव्हता. "गेला कुठे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईल परत. भरतीला.

त्या दिवसापासून ते रोज चहा पिऊन, छत्री घेऊन बांधावर जाऊ लागले. वाटेत भेटेल त्याला इथल्या पद्धतीनं, नमस्कार म्हणून, "मोय" म्हणायचे. आल्यावर मला सांगायचे, आज पाणी अमुक खांबापर्यंत होतं. मी खूष होते. घरात बोलायला एक विषय झाला होता.

मे महिन्यातला तो रविवार. नवरा त्या आठवड्यात आलाच नव्हता, तिकडेच राहिला होता. सकाळपासून इतकं ऊन, की शेजारीण बाहेर खुर्ची टाकून बसली होती. सासरे चहा घेऊन निघाले. मी पुऱ्यांची कणीक मळत होते. सहज खिडकीकडे बघते तर पवनचक्कीची वरची पाती नाहीत. मी हात तसेच धरून बघत राहिले आणि बघता बघता सगळी चक्कीच नाहीशी झाली. गार समुद्रावर गरम हवा आली की असं धुकं उठतं आणि भिंतीसारखं आत चालत येतं, हे मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. दार उघडलं तर ओली गार हवा तोंडावर आली. पीठ लागलेल्या हातांनीच शेजारणीकडे धावले.

ती उठूनच आली होती. "तुझे सासरे?" मी म्हटलं, बांधावर. "बांधावर की बांधापलीकडे?" मला माहीत नव्हतं. तिनं स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "पाणी यायला लागलंय." मग तिनं आधी मदतीचा फोन केला, मग मुलाला फोन केला, आणि खुंटीवरची किल्ली घेतली. "तू बांधावर जा. पायऱ्या आहेत तिथे वर उभी राहा आणि ओरड. खाली उतरायचं नाही, काही झालं तरी. मी घंटा वाजवते." मी तिच्या पायांकडे बघितलं असेन. ती म्हणाली, "गुडघे गेलेत माझे. हात आहेत."

मी सायकल काढली. रस्ता पाठ होता म्हणून पोचले, नाहीतर चाकापुढे काही दिसत नव्हतं. बांधाच्या पायऱ्या चढून वर उभी राहिले. खालची मेंढ्यांची कुंपणं दिसेनात. माझ्याच सायकलचं हँडल धूसर दिसत होतं. मागून गावाकडून घंटा सुरू झाली, एक ठोका, थांबणं, एक ठोका. आणि मी ओरडायला तोंड उघडलं तर माझ्याकडे शब्दच नव्हता, बाबा. मी पहिल्यांदा ओरडले ते "अहो!" मग ओरडले, "ऐकलंत का?" आता सांगताना हसू येतं. नवऱ्याला हाक मारावी तशी सासऱ्यांना, तीही उत्तर समुद्राच्या काठावर. धुक्यातून काहीच परत येत नव्हतं. मला वाटलं, अशा हाकेला कोणी ओ देईल तरी का? ही कोणाला मारलेली हाक आहे, हे त्यांना तरी कसं कळावं?

तेवढ्यात शेजारणीचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. पन्नाशीचा, दांडगा माणूस, एरवी मान हलवण्यापलीकडे माझ्याशी बोलला नव्हता. दिवे समुद्राकडे करून त्यानं ट्रॅक्टर उभा केला, भोंगा वाजवला, आणि विचारलं, "त्यांना काय म्हणून हाक मारतेस?" मी म्हटलं, "काहीच नाही." त्याला वाटलं माझी डच कमी पडली. त्यानं तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. मी नुसती मान हलवली. तो म्हणाला, "त्यांच्या कानाला ओळखीचं काहीतरी ओरड. धुक्यात भोंगा गाईच्या हंबरण्यासारखाही वाटतो."

मी ओरडले. "बाबा!"

पहिल्यांदा चिरकाच निघाला. तिसऱ्या-चौथ्या हाकेला छातीतून निघायला लागला. शेजारणीच्या मुलाला वाटलं, हेच त्यांचं नाव. तोही दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडू लागला, "बाबाऽ! बाबाऽ!" गावातले आणखी काही लोक गाड्या घेऊन आले होते, बांधावर लांब लांब उभे राहिले होते. त्यांनीही तेच धरलं. कोणी दिसत नव्हतं, बाबा, पण डावीकडून, उजवीकडून, धुक्यातून सगळे तुमचा शब्द ओरडत होते. मी रडत होते की घामानं भिजले होते ते सांगता येणार नाही.

आणि मग "ओ!" आली. बारीक, लांबून, डावीकडच्या अंगानं.

शेजारणीच्या मुलानं लगेच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मला म्हणाला, फक्त तू. मी हाक मारली. परत "ओ!" त्यानं दिशा घेतली. त्या बाजूला चिखलात खांब रोवून, मध्ये काटक्या दाबून केलेला जुना बुटका बांध आहे, पूर्वी गाळ अडवून जमीन वाढवायला केलेला. त्याच्या कडेकडेनं तो जाणार होता. ट्रॅक्टरमधून त्यानं ओढे ओलांडायची लांब काठी आणि दोर घेतला. पायऱ्या उतरताना मागे वळून म्हणाला, "तू थांबू नकोस. तू थांबलीस तर मला परतायचं कळणार नाही." आणि तोही दिसेनासा झाला.

म्हणून मी थांबले नाही. घंटा मागे वाजत होती, मी पुढे ओरडत होते. कधी ओ यायची, कधी यायची नाही. आली नाही की मी आणखी मोठ्यानं ओरडायचे. मदतीला आलेले लाल जॅकेटवाले लोक माझ्या शेजारी उभे राहून त्यांच्या यंत्रावर बोलत होते, पण त्यांनीही मला गप्प बसायला सांगितलं नाही. किती वेळ गेला ते मला खरंच सांगता येत नाही. मग खाली कुरणात काहीतरी गडद हललं. आधी शेजारणीच्या मुलाची काठी दिसली, मग तो, आणि त्याच्या कमरेच्या दोराला धरून सासरे. मांड्यांपर्यंत चिखल. पायांत बूट नव्हते. छत्री मात्र काखेत तशीच.

पायऱ्या चढून वर आले, धापा टाकत माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, किती ओरडतेस. आलो ना."

मी खाली बसले, ओल्या गवतात. आजूबाजूचे लोक हसायला लागले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. इथली माणसं एवढ्या मोठ्यानं हसतात हे मला ठाऊक नव्हतं. कोणीतरी मोबाइलवरून चर्चजवळच्या कोणाला तरी कळवलं असणार, कारण घंटा थांबली, आणि मग एकदम भराभर, वेड्यासारखी वाजली. शेजारीण आनंदानं दोर ओढत होती.

घरी आणून मी त्यांचे पाय कोमट पाण्याच्या टबात ठेवले. अंगाभोवती दोन ब्लँकेटं. त्यांना थंडी वाजत होती, पण चेहरा तरतरीत होता. अर्धवट मळलेली कणीक ओट्यावर वाळून गेली होती. आल्याचा चहा दिला. मग ते बोलले. त्या माणसाला इतकं बोलताना मी आजवर ऐकलं नव्हतं.

"समुद्र बघायला गेलो होतो. रोज नुसता चिखल. म्हटलं, आज असेल तिथपर्यंत जाऊ. एक नाला होता, एका टांगेत ओलांडला. मग हे धुकं. परत फिरलो तर तो नाला तिथेच, पण रुंद झालेला. मी म्हटलं, हा तो नव्हेच. म्हणून त्याच्या कडेनं चालत राहिलो. बूट गेले. मग घंटा ऐकली. तू दाखवली होतीस ना, तीच म्हटलं. म्हणजे गाव तिकडे. पण पाणी मध्ये. आणि धुक्यात आवाज कुठूनही येतो गं. मी उभाच राहिलो. खरं सांगू? म्हटलं, चला, हिच्यामागे आपणही." हिच्यामागे म्हणजे सासूबाईंच्या. त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग बाबा, बाबा ऐकू आलं. मला वाटलं, पोरगा आला मास्ट्रिख्टहून. पण आवाज बाईचा. तरी कळेना. तू कुठे म्हणतेस मला कधी."

मी टबातलं पाणी बदलायच्या निमित्तानं उठले. ते म्हणाले, "बस. मला माहीत आहे का म्हणत नाहीस ते. त्यानं सांगितलंय. मला कधी राग आला नाही त्याचा." मग म्हणाले, "कसे होते ते?"

तुम्ही कसे होता, असं मला इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, बाबा. कसे गेले विचारतात. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगत सुटले. पोहे, ओट्यावरचा नकाशा, वाडीतली म्हातारी, वीरगळ. दोन बादल्या पाणी ओतून दगड धुतला हे ऐकल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या गाडीनं गेला असाल. कुठल्या डेपोची?" मला काय ठाऊक! त्यांनी गावाचं नाव विचारलं, डोळे मिटले, आणि ती गाडी कुठून सुटायची, घाटाखाली कुठे थांबायची, कंडक्टर चहाला कुठे उतरायचा हे सगळं सांगितलं. त्या रात्री आम्ही पुऱ्यांऐवजी नुसता भात आणि मेतकूट खाल्लं. नवऱ्याचा फोन आला तेव्हा रिसीव्हर त्यांनीच उचलला. "काही नाही रे. जरा फिरायला गेलो होतो." मी शेजारून ओरडले, "बाबा, खरं सांगा त्याला!" पलीकडून नवरा म्हणाला, "आत्ता कोण बोललं?"

दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. इथले डॉक्टर नेहमी सांगतात तेच त्यांनी सांगितलं, विश्रांती घ्या, पाणी प्या. येताना सासरे शेजारणीकडे थांबले. त्यांनी स्वतः केलेला शिरा डब्यात घालून नेला होता. शेजारणीनं चमचाभर खाल्ला, आणखी चमचाभर खाल्ला, मग किल्ली घेऊन त्यांना मनोऱ्यात नेलं. तिचे तळहात सोलवटले होते, त्यावर पट्ट्या होत्या. त्यांनी ते बघितले आणि तिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तिला काय करावं कळेना, तिनंही हात जोडले. मग मला म्हणाली, "विचार त्यांना, एकदा ओढायचाय का दोर?" त्यांनी ओढला. संबंध गाव खिडक्यांतून डोकावलं, कोण हरवलं म्हणून.

गेल्या आठवड्यात ते पुण्याला परत गेले. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "पुढच्या वर्षी येतो. समुद्र बघायचा राहिलाय." नवरा त्यांच्यावर चिडला आणि मी हसत सुटले. आता फोनकार्डवरची निम्मी मिनिटं गावाच्या बातम्यांत जातात. बस वेळेवर आहे का, तळ्यात पाणी किती, शेजारणीचे गुडघे. आणि शेजारणीचे गुडघे खरंच बरे नाहीत, म्हणून कधी कधी ती किल्ली माझ्याकडे देते. परवा एक डच कुटुंब चर्च बघायला आलं होतं. त्यांच्यातली मुलगी कंटाळून म्हणाली, इथे काय आहे बघण्यासारखं. मी तिला शेजारणीच्या अंगणात पाठवलं.

खूप हलकं वाटतंय, बाबा. माणूस परत आला. ओ आली. हे सगळं लिहून कुठे पाठवता येणार नाही, ते मलाही कळतं. कागद घडी करून ठेवीन किंवा नाही ठेवणार. फक्त एक गोष्ट नवऱ्यालाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. मला तुमचा आवाज आठवत नाही. तुमची वाक्यं आठवतात, शब्दन्‌शब्द, चिडलात तीही. सायकल चालवताना तुमच्या शर्टावर घामाचा नकाशा कसा उमटायचा ते आठवतं. आवाज गेलाय, कधी गेला तेही समजलं नाही. इतकी वर्षं मी हे स्वतःशीसुद्धा म्हणत नव्हते, कारण वाटायचं, कबूल केलं की तुम्ही उरलेलेही जाल. आता लिहून पाहिलं. गेला नाहीत.